बाबांच्या नावाचे तुकडे

१

बाबा गेल्यानंतर तिसऱ्या आठवड्यात, एका सकाळी, त्यांनी नवीन काहीतरी लिहिलं.

मी त्यांच्या खोलीत, त्यांच्याच खुर्चीत बसून त्यांच्या फोनवरची खाती एकेक करून बंद करत होते. समोरचं टेबल रिकामं होतं. कॉम्प्युटर ऑफिसचा होता, तो ऑफिसने परत नेला. त्याच्या जागी लाकडाचा रंग न विटलेला एक चौकोन तेवढा राहिला होता. वीज झाली, वाचनालय झालं, मग मी तुकड्यांचं खातं उघडलं.

'तुकडे' हा बाबांचा शब्द. प्रोग्राम लिहिणारी माणसं कोडच्या चार-दहा ओळी एकमेकांना दाखवायला एका वेबसाइटवर ठेवतात. बाबा त्यासाठी वेबसाइट उघडत नसत. काळ्या खिडकीत, म्हणजे टर्मिनलमध्ये, एक छोटी कमांड टाइप करायची. फाइल परस्पर साइटवर जायची आणि उत्तर म्हणून खाली एक लिंक उमटायची. ती लिंक ज्याला पाठवायची त्याला पाठवली की काम झालं. खात्याचं नाव होतं 'घुबड'. ऑफिसात त्यांना सगळे घुबड म्हणायचे, चष्म्यामुळे.

यादीत शेकडो तुकडे होते. जवळजवळ प्रत्येकासमोर बारीक कुलपाचं चिन्ह होतं. कुलूप म्हणजे लपवलेला तुकडा, लिंक असेल त्यालाच दिसणारा. आणि यादीच्या डोक्यावर एक होता, ज्याच्यासमोर त्याच सकाळची वेळ होती. मी उघडला. कोडच्या मधोमध, मशीनने वाचायची नसते अशी एक ओळ होती:

'यादी बदलण्याआधी थांबा. या ओळीच्या पलीकडे एक माणूस सुई टोचून घेऊन बसला आहे.'

हे बाबांचं वाक्य होतं. त्यांचा आवाज मला ऐकू आला, शेवटच्या शब्दावर थोडा खाली जाणारा. मी फोन टेबलावर उलटा ठेवला.

रुग्णालयात डायलिसिसला कोणी कधी यायचं, कोणत्या मशीनवर बसायचं, ती यादी बाबांचा प्रोग्राम चालवायचा. ते गेले त्या दुपारी त्या प्रोग्रामची पासवर्डसकट सगळी सेटिंग्ज एका तुकड्यात जगापुढे आली. खातं घुबड. कुलूप नाही. कुणा परक्याच्या नजरेला ती पडली, तो आत शिरला, यादी अडकवून बसला, आणि दुसऱ्या दिवशी रुग्ण पिशव्या मांडीवर घेऊन कॉरिडॉरमध्ये बसून परत गेले. कोणी दगावलं नाही, नशीब म्हणायचं.

आईला संध्याकाळी शाळेतून आल्यावर बाबा या खुर्चीत सापडले होते. हृदय. डॉक्टर म्हणाले, क्षणात झालं असेल, केव्हा ते नक्की सांगता येत नाही. तुकडा दुपारचा, म्हणून सगळ्यांनी दुपारच धरली. मग काका आले, बाबांचे मित्र, कंपनीचे मालक. आईसमोर बसून हळू आवाजात म्हणाले, "वहिनी, चूक कुणाच्याही हातून होते. त्याला लगेच कळलं असणार. सहन झालं नसेल."

धीर द्यायलाच म्हणाले असतील. त्या दिवसापासून आई या खोलीत आली नव्हती. रोज सकाळी डबा भरता भरता एकच म्हणायची, "घाबरले असतील गं. घाम फुटला असेल. आणि घरात कोणी नाही."

आताही ती दाराबाहेर थांबली. "काय झालं?"

"काही नाही."

"चेहरा बघ तुझा."

मी फोन सरळ केला. कुलूप लावलेला तो तुकडा तिथेच होता. मेलेला माणूस लिहीत नाही. म्हणजे कोणीतरी बाबांच्या नावाने लिहीत होतं. आणि जो आज लिहू शकतो, तो त्या दुपारीही लिहू शकला असता.

२

"ये, बस. ती खुर्ची नको, ती एका बाजूला कलते, माझ्यासारखी." काकांनी दुसरी पुढे ओढली.

ऑफिस म्हणजे एक लांबट खोली, आमच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर. बाबा अधूनमधून इथे येत, एरवी घरून काम करत. काका टोकाच्या काचेच्या कप्प्यात बसायचे.

मी आधी सोपं विचारलं. बाबांच्या फोनमध्ये त्या दिवशीचे काकांचे न उचललेले कॉल होते, सकाळपासून, एकामागून एक. आणि दुपारी आलेले दोन मेसेज पुसलेले होते.

"हो, मीच पुसले," काका म्हणाले. "यादी सकाळीच अडखळायला लागली होती. हा फोन उचलेना. कामात शिरला की याला जग दिसत नाही, तुला ठाऊकच आहे. मी चिडून वाटेल ते लिहिलं. संध्याकाळी वहिनींचा फोन आला." त्यांनी चष्मा काढून पुसला. "मेलेल्या मित्राच्या फोनमध्ये माझ्या शिव्या राहायला नकोत, म्हणून पुसले. चुकलं का माझं?"

"नाही, काका."

"मग झालं तर."

"काका, बाबांच्या खात्यावर काल नवीन तुकडा आलाय."

त्यांचा चष्मा अर्ध्या वाटेत थांबला. "काय म्हणालीस?"

मी फोन दाखवला. त्यांनी तो हातात घेतला नाही, लांबूनच पाहिलं. मग एकदम म्हणाले, "ते खातं तुझ्याकडे उघडं आहे? अगं, मग बंद करून टाक. आजच. आम्हाला त्याचा पासवर्ड माहीत नव्हता म्हणून तो घाणेरडा तुकडा अजून तिथे पडून आहे. किल्ल्या बदलल्या, आता त्याचा काही उपयोग नाही, पण वहिनींच्या जिवाला घोर कशाला?"

"कोण लिहीत असेल?"

"मला काय विचारतेस? कोडला हात लावून मला युगं लोटली. मी आता सह्या करतो आणि जांभया देतो."

मी बाहेर आले. खिडकीशी एक मुलगी मान खाली घालून टाइप करत होती. तिला सगळे 'नवी' म्हणायचे. येऊन तीन वर्षं झाली होती, पण तिच्यानंतर कोणी नवं आलंच नाही.

"ताई!" ती उठून उभी राहिली आणि तिचे डोळे भरले. "बसा ना. मी एवढं पाठवते, रुग्णालयातली सिस्टर डोकं खातेय."

तिच्या काळ्या खिडकीत कमांड उमटली. दोन अक्षरं आणि फाइलचं नाव. बाबांनी त्या कमांडला दिलेलं तेच दोन अक्षरी टोपणनाव. तिने एंटर दाबलं.

माझ्या हातातला बाबांचा फोन थरथरला. यादीत, सगळ्यांत वर, घुबडाच्या नावावर, एक नवा तुकडा आला होता.

३

"मी?" नवी पुन्हा पुन्हा म्हणत होती. "मी सरांच्या नावाने?"

"तुला नाव दिसत नव्हतं?"

"दिसायचं की. घुबड. मला वाटायचं ते ऑफिसचं खातं आहे. ताई, शप्पथ! चहाच्या मशीनवरही घुबडाचं स्टिकर आहे!"

मी हसले. तीन आठवड्यांत पहिल्यांदाच हसले, आणि लगेच मला लाज वाटली.

ती शांत झाल्यावर सगळं उलगडलं. ती कामाला लागली त्या दिवशी बाबा स्वतः तिच्या शेजारी बसले होते. "म्हणाले, रिकाम्या मशीनवर माणसाला परकं वाटतं, माझं घर तुला मांडून देतो." त्यांच्या सेटिंग्जचं एक फोल्डर होतं: रंग, शॉर्टकट, कमांडची टोपणनावं. ते जसंच्या तसं त्यांनी तिच्या मशीनवर उतरवलं. त्यात नावाआधी टिंब असलेल्या फाइल्सही होत्या. अशा फाइल्स साध्या यादीत दिसतच नाहीत, मुद्दाम मागाव्या लागतात. आम्ही मागितल्या. एकीत एकच लांबलचक ओळ होती, तुकड्यांच्या खात्याची किल्ली. साइट हात ओळखत नाही, ती किल्ली ओळखते.

"आणि ती सुई टोचून घेऊन बसलेल्या माणसाची ओळ?"

"सर प्रत्येक वेळी लिहायला लावायचे. आता हात आपोआप लिहितो. सर गेल्यानंतर काल पहिल्यांदाच काही पाठवलं, तरी ती ओळ होतीच." तिने पुन्हा त्या फाइलकडे पाहिलं. मग एकदम पांढरी पडली. "ताई, म्हणजे तो पासवर्डवाला तुकडा माझ्याच मशीनवरून गेला?"

"त्या दुपारी तू कुठे होतीस?"

"रुग्णालयात, पेशंटच्या शिव्या खात. वर काकांचा फोन, तुझ्या खणात जाड पिनचा चार्जर आहे का म्हणून. सगळे माझाच खण लुटतात. लॅपटॉप माझ्याजवळच होता. पण ताई, घाईत माझ्या हातून गेला असेल तर?"

तिचा अंगठा दातांखाली गेला होता. मी तिला यादीतले तिचे कालचे आणि आजचे तुकडे दाखवले. प्रत्येकासमोर कुलूप.

"तू कधी मुद्दाम कुलूप लावतेस?"

"नाही. आपोआपच लागतं. तसंच येतं ते."

"मग तुझ्या मशीनवरून घाईत गेलेल्या तुकड्यालाही कुलूप लागलं असतं."

तिने श्वास सोडला. मग म्हणाली, "पण सरांच्या मशीनवरूनही लागलंच असतं. फोल्डर तर त्यांचंच."

हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. मी त्या मुलीकडे बघत राहिले.

"हे फोल्डर आणखी कुणाकडे आहे?"

"दाढीकडे," नवी म्हणाली. "काकांशी भांडून गेला तो. जाताना म्हणाला होता, एक दिवस तुमचं सगळं उघड्यावर येईल."

४

दाढीने दाढी काढून टाकली होती. नाव मात्र सुटलं नव्हतं. शिकवणीच्या वर्गात फळा पुसताना त्याने मला पाहिलं आणि डस्टर तसंच हातात राहिलं.

"उघड्यावर येईल म्हणालो होतो, हो. कारण मालक देखभालीला माणूस द्यायला तयार नव्हता. घुबड एकटा किती ओढणार?" तो बाकावर बसला. "संशय माझ्यावर आहे का? घे तपासून." त्याने बॅगेतून लॅपटॉप काढून माझ्याकडे सरकवला.

"रुग्णालयाच्या सर्व्हरवर तुला जाता येतं?"

"मी निघालो त्याच दिवशी घुबडाने माझी वाट बंद केली. रडत रडत केली, पण केली. नियम म्हणजे नियम."

त्याच्या मशीनवर फोल्डर होतं, किल्ली होती, आणि कुलूप आपोआप लागत होतं.

"हे कुलूप माझ्यामुळे आलंय," तो म्हणाला, आणि मान हलवत हसला. "पहिल्याच आठवड्यात मी सुट्टीचा अर्ज लिहीत होतो. आजीला चौथ्यांदा मारलं होतं त्यात. कॉपी करून ठेवला आणि विसरलो. मग कोड पाठवायला गेलो, फाइलचं नाव द्यायला विसरलो. आणि फाइल दिली नाही तर ती कमांड शेवटचं कॉपी केलेलं उचलते! अख्ख्या जगाने माझी आजी वाचली. घुबडाचा हसून हसून चष्मा पडला. त्याच दिवशी त्याने स्वतःच्या आणि माझ्या फोल्डरमध्ये बदल केला. इथून पुढे सगळं लपवूनच जाणार."

"बाबांना माहीत होतं? तुम्ही सगळे त्यांच्याच नावाने..."

"सगळं माहीत होतं. मी एकदा म्हटलं, माझं खातं वेगळं करू का? म्हणाला, राहू दे रे. तुम्ही काय करताय ते मला न विचारता कळतं."

खिडकीतून उतरतं ऊन बाकांवर पडलं होतं. मी त्याला त्या दुपारचा तुकडा दाखवला. त्याने शेवटपर्यंत वाचला आणि बोट ठेवलं. सेटिंग्जच्या खाली मशीनने दिलेली चूक चिकटवली होती, आणि तिच्यापुढे तीन प्रश्नचिन्हं होती.

"हे घुबडाने लिहिलेलं नाही," तो सावकाश म्हणाला. "ही चूक त्याने झोपेतही ओळखली असती. हे विचारलंय. कोणालातरी दाखवून विचारलंय, हे काय आहे म्हणून."

"कोणाला?"

"याचं उत्तर कोणाला येणार? एकालाच." तो माझ्याकडे बघेना. "हा तुकडा घुबडाने पाठवलेला नाही. घुबडाला पाठवलेला आहे."

मी फोन परत घेतला. बाबांच्याच नावाने बाबांना विचारलेला प्रश्न, आणि त्याला कधीच न आलेलं उत्तर.

"कुलूप तुझ्या अर्जानंतर आलं," मी म्हटलं. "म्हणजे ज्याच्याकडे त्याआधीचं फोल्डर आहे..."

"माझ्याआधी?" दाढी म्हणाला. "माझ्याआधी त्या खोलीत दोनच खुर्च्या होत्या."

५

मी काकांना घरी बोलावलं. आईला आधी काही सांगितलं नाही. फक्त म्हटलं, तू बस.

ते नेहमीसारखे येऊन दाराजवळच्या खुर्चीत बसले. "काय गं, खातं बंद केलंस?"

"नाही. काका, तुमच्या जुन्या लॅपटॉपला जाड पिनचा चार्जर लागतो का?"

त्यांनी आईकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

मी एकेक पायरी मांडली. तो तुकडा विचारणाऱ्याचा होता, जाणणाऱ्याचा नाही. तो जुन्या फोल्डरवरून गेला, कारण नव्यावरून गेला असता तर कुलूप लागलं असतं. जुनं फोल्डर एकाच मशीनवर असणार, बाबांनी पहिल्यांदा ज्याला आपलं घर मांडून दिलं त्याच्या. आणि ते मशीन त्याच दुपारी कपाटातून बाहेर निघालं होतं, कारण चार्जर त्याच दुपारी लागला.

"पुसलेल्या मेसेजमध्ये शिव्या नव्हत्या, काका. एकात लिंक होती."

"दोन्ही होतं," ते म्हणाले. आवाज त्यांचा वाटत नव्हता. "एकात लिंक. दुसऱ्यात, बघतोस का नाही, की मेलास."

आई हलली नाही.

"नवी रुग्णालयात होती. हा उचलत नव्हता. सर्व्हरवर जायची माझी जुनी वाट त्या लॅपटॉपवर होती, म्हणून काढला. हात आपोआप चालले, वहिनी. इतक्या वर्षांनी. सगळी फाइल उचलली, त्याची कमांड टाकली, लिंक आली, पाठवून दिली. त्याच्या नावाने गेलं हेही मला तेव्हा कळलं नाही. दुसऱ्या दिवशी कळलं."

"आणि कळल्यावर त्यांच्या नावावर राहू दिलंत," मी म्हटलं. "कंपनी वाचवायला."

"कंपनी!" ते जवळजवळ ओरडले, मग हात तोंडावर ठेवून थांबले. "कंपनी गेली तर गेली असती. मी केलं म्हणालो असतो, तर का केलं तेही सांगावं लागलं असतं."

मला समजलं नाही. आईला समजलं.

"ते सकाळपासून फोन उचलत नव्हते," आई म्हणाली. "तुमचा फोन न उचलायचं त्यांना कधी जमलं नाही. अंघोळीतून ओल्या हाताने उचलायचे."

काकांनी मान हलवली.

"दहा मिनिटांवर घर आहे, भाऊजी. तुम्ही आला का नाहीत?"

खालच्या रस्त्यावर कोणीतरी गाडी मागे घेत होतं.

"राग आला होता," काका म्हणाले. "म्हटलं, येऊ दे त्यालाच. नेहमी मीच का जायचं."

मी त्या तुकड्याचा विचार करत होते. त्या दिवशी दुपारी बाबा जिवंत होते याचा सगळ्या जगात तेवढा एकच पुरावा होता. तो काढून घेतला, तर मागे काय उरतं? सकाळी आई निघाली तेव्हा ते दारात उभे होते, आणि त्यानंतर काकांचा पहिला कॉल न उचललेला. पासवर्ड उघडा पडला तेव्हा ते केव्हाच गेले होते. कुठलीही चूक, कुठलीही भीती त्यांच्यापर्यंत पोहोचलीच नव्हती.

मी हे आईला सांगितलं. साध्या शब्दांत, दोनदा.

"म्हणजे त्यांना काही कळलंच नाही," ती म्हणाली.

"नाही."

"घाबरले नाहीत."

"नाही, आई."

तिने पदर घट्ट मुठीत धरला होता, तो सुटला. मग ती काकांकडे वळली. मला वाटलं, ती त्यांना माफ करेल. नाहीतर घराबाहेर काढेल. तिने दोन्ही केलं नाही.

"डॉक्टर म्हणाले क्षणात झालं. तुम्ही येऊन ते वाचले नसते, मला माहीत आहे," ती म्हणाली. "पण तुम्ही आला असतात, तर ते मला सापडले नसते. तुम्हाला सापडले असते."

काकांनी तोंड झाकून घेतलं.

"रुग्णालयाला खरं काय ते लिहा. आज. इथेच बसून."

ते लिहीत असताना मी नवीला आणि दाढीला फोन केला, आणि तुकड्यांच्या खात्याची किल्ली रद्द केली. एकच बटण होतं. आता कुठल्याच मशीनवरून घुबडाच्या नावाने काही येणार नव्हतं. नवीने फोनवर विचारलं, "ताई, मग मी आता कोणाच्या नावाने पाठवू?" मी म्हटलं, "तुझ्या." ती रडायला लागली.

काका गेल्यावर आई उठली आणि बाबांच्या खोलीत आली. खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली, बसली नाही. मी फोनवर यादी उघडून तिच्यापुढे धरली. तिला कोडमधलं अक्षर कळत नाही. तिने बोटाने यादी वर सरकवली, आणखी वर, खूप वेळ.

"यातलं त्यांचं कुठलं?"

मी खोटं बोलू शकले असते. पहिलाच एखादा दाखवला असता तरी तिला पटलं असतं.

"सांगता येत नाही, आई. सगळ्यांचं एकमेकांत मिसळलंय. सगळे त्यांच्यासारखंच लिहितात."

ती खुर्चीत बसली. हात मांडीवर घेतले, कोणी काही वाचून दाखवणार असेल तेव्हा माणूस बसतो तशी.

"मग सगळंच वाच," ती म्हणाली.